विश्रांती हाही आपला हक्क : वर्षअखेरीस शरीराचा आणि मनाचा हिशेब



डिसेंबर महिना आपल्या वस्त्यांत धावपळीचा असतो. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिन. त्याआधी आठवडाभर विहारात बैठका, गाडीची वर्गणी, भोजनदानाची तयारी. कोणी चैत्यभूमीवर रांगेत रात्र काढतात, कोणी स्टॉलवर उभे राहून सेवा देतात. २५ डिसेंबरला मनुस्मृती दहनाची आठवण ठेवून आपण स्त्रीमुक्ती दिन पाळतो. १ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना. हे सगळे करताना नोकरी सुटत नाही, धुणीभांडी सुटत नाहीत आणि पहाटेचे पाणीही सुटत नाही.

२६ ते ३१ डिसेंबर हे सहा दिवस मात्र त्यातल्या त्यात मोकळे असतात. या सहा दिवसांत प्रत्येक घराने दोन कामे करावीत, अशी आमची विनंती आहे. पहिले, शरीराला विश्रांती द्यावी आणि त्याची तपासणी करून घ्यावी. दुसरे, सरलेल्या वर्षाकडे घरातल्या सगळ्यांनी मिळून एकदा शांतपणे पाहावे. दोन्ही कामांना पैसा फारसा लागत नाही. वेळ लागतो, आणि तो कुठून आणायचा याचाही विचार या लेखात केला आहे.

"मी दमले" म्हणायची लाज

आम्ही वस्तीत तपासणी शिबिर घेतो तेव्हा रक्तदाब मोजण्याआधी एक प्रश्न विचारतो, "ताई, काल किती तास झोपलात?" बहुतेक जणी हसतात. "पाणी चारला येतं, झोप कसली?" असे उत्तर येते. भाऊ म्हणतात, "डबल ड्युटी होती." आणि लगेच पुढे, "पण आपल्याला सवय आहे हां, काही होत नाही." डोळ्यांखाली काळी वर्तुळे, पाय सुजलेले, रक्तदाब १६० च्या वर, तरी दमलो म्हणायची लाज वाटते.

ही लाज कुठून आली? आपल्या आजोबा-पणजोबांच्या कामाला तासच नव्हते. महार वतनदाराला गावकी आणि सरकारी काम दिवस-रात्र कधीही करावे लागे. हाक आली की ताटावरून उठायचे. एक माणूस आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. या वतनाच्या जाचातून सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. म्हणजे ज्या समाजाकडून चोवीस तास राबणूक घेतली गेली, त्याच समाजाला थकवा जाणवणे म्हणजे आळस, असे शिकवले गेले. तो शिक्का आपण अजून पुसलेला नाही. सून दुपारी जरा आडवी झाली की आपणच म्हणतो, "काय गं, दिवसाढवळ्या झोपा काढतेस?"

बाबासाहेब विश्रांतीकडे कसे पाहत होते

१९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे साऱ्या देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मालकाने व सरकारने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

१९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत १९४५ साली कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी रजेचा हक्क देणारी दुरुस्ती झाली. १९४६ साली बारमाही कारखान्यांतले कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आले. सहा दिवस, रोज आठ तास आणि सातवा दिवस सुट्टीचा, हा हिशेब तिथून येतो.

१९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील आपल्या ग्रंथात त्यांनी यंत्रांचे समर्थन का केले, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. पशूचे सारे आयुष्य पोट भरण्यात जाते. माणसाला मात्र वाचायला, विचार करायला, मन घडवायला फुरसत हवी. यंत्रामुळे अंगमेहनत कमी झाली तर ती फुरसत सगळ्यांच्या वाट्याला येऊ शकते, असा त्यांच्या मांडणीचा आशय आहे. फुरसत मूठभरांकडे आणि राबणे बाकीच्यांकडे, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती.

इथे कोणी म्हणेल, "बाबासाहेब स्वतः अठरा-अठरा तास अभ्यास करायचे. आमची मुलेही जयंतीला सलग अठरा तास वाचतात. मग तुम्ही विश्रांती कशी सांगता?" प्रश्न बरोबर आहे. त्या अभ्यासाची किंमत बाबासाहेबांच्या शरीराने मोजली, हेही आपण मुलांना सांगायला हवे. मधुमेहाने त्यांना ग्रासले होते, पायांच्या वेदना होत्या, रात्र-रात्र झोप लागत नसे. आपल्याला उठून उभे करायला त्यांनी ते सोसले. वयाच्या ६५ व्या वर्षी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, झोपेतच त्यांचे परिनिर्वाण झाले. इतक्या कामातही उतारवयात त्यांनी व्हायोलिन शिकायला वेळ काढला होता. त्यांच्या जिद्दीचा वारसा आपण घेऊच, पण कामगाराच्या झोपेसाठी आणि सुट्टीसाठी त्यांनी जे मिळवले, ते वाया घालवणे म्हणजे त्यांना अभिवादन होत नाही. अठरा तासांचा उपक्रम वर्षातून एक दिवस ठीक आहे. दहावी-बारावीच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप लागते. दिवसभर वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेतच.

झोपेत शरीर काय काम करते

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, हा गैरसमज आधी काढून टाकू. मोठ्या माणसाला रोज साधारण सात ते नऊ तास झोप लागते. या वेळात शरीर बसून नसते.

रक्तदाब : निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत दिवसापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी खाली येतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच उसंत. झोप कमी पडली की ही उसंत मिळत नाही आणि हळूहळू दिवसाचा रक्तदाबही चढा राहू लागतो.

साखर : अपुऱ्या झोपेने इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. भूक वाढते, त्यातही गोड आणि तळलेल्याची. डबल ड्युटीनंतर वडापाव आणि दोन चमचे साखरेचा चहाच का हवासा वाटतो, याचे हे एक कारण.

रोगप्रतिकार : झोप पुरेशी नसली की सर्दी-खोकला वारंवार होतो, जखम भरायला वेळ लागतो.

मन : लहान गोष्टीवरून चिडचिड, मुलांवर हात उगारणे, विसरभोळेपणा, कामावर छोटे-मोठे अपघात. यातले बरेच काही स्वभावाचे नसते, साचलेल्या थकव्याचे असते.

थंडीत याची जास्त काळजी घ्यावी लागते. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो. म्हणून हिवाळ्यात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचे प्रमाण वाढते. पहाटे अंगणात थंड पाण्याने धुणे धुणाऱ्या, रस्ता झाडणाऱ्या आणि कोरेगावला रात्रभर प्रवास करणाऱ्या माणसांनी कान-डोके झाकावे. गोळ्या सुरू असतील तर त्या बरोबर न्याव्यात, एक दिवसही चुकवू नयेत.

प्रत्येक थकवा विश्रांतीने जात नाही

आठवडाभर नीट झोपूनही थकवा जात नसेल, तर त्यामागे आजार असू शकतो. आपल्या वस्तीत ही पाच कारणे सर्रास दिसतात.

१. रक्त कमी असणे. जिना चढताना धाप लागते, छाती धडधडते, चेहरा आणि नखे पांढुरकी दिसतात. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली आणि पुरुषाचे १३ च्या खाली असेल, तर रक्त कमी आहे. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात. जेवणाला लागून चहा पिण्याची सवयही मोडावी.

२. मधुमेह. सारखी तहान, रात्री वारंवार लघवीला उठणे, वजन उतरणे, जखम न भरणे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. १०० ते १२५ असेल तर सावध व्हावे.

३. उच्च रक्तदाब. याला बहुतेकदा लक्षणच नसते. दोन वेगवेगळ्या दिवशी १४० / ९० किंवा जास्त आला तर उपचार हवेत. मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मिसरी घेऊ नये.

४. क्षयरोग. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे. थुंकीची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

५. मनाचा आजार. दोन आठवडे सतत उदास वाटणे, कशातच रस न वाटणे, पहाटे तीनला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, जगून काय करायचे असे विचार येणे. हा मनाचा कमकुवतपणा नाही. मधुमेहासारखाच हा आजार आहे आणि तो बरा होतो. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो.

तीस वर्षांवरील प्रत्येकाची रक्तदाब, मधुमेह आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत करण्याचा कार्यक्रम सुरू आहे. आपल्या आशाताईंना विचारा. २६ ते ३१ च्या दरम्यान घरातील तिशीपुढच्या सगळ्यांनी एकत्र जाऊन ही तपासणी करावी. आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. पुढच्या डिसेंबरला त्याच वहीत नवे आकडे लिहिले की शरीराचा वर्षाचा हिशेब आपोआप समोर येईल.

छातीत दाब किंवा कळ, डाव्या हाताला किंवा जबड्याला वेदना, एकाएकी तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, जीभ जड होणे, यांपैकी काही झाले तर विश्रांती घेत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. "सकाळी बघू" म्हणून रात्र घालवणे महागात पडते.

दहा बाय दहाच्या खोलीत विश्रांती कशी घ्यायची

मासिकांत छापलेले विश्रांतीचे सल्ले बहुतेकदा आपल्यासाठी लिहिलेले नसतात. वेगळी खोली, बंद दार, शांत बाग हे आपल्याकडे कुठून येणार? सहा माणसे एका खोलीत, वर पत्रा, शेजारी टीव्ही. तरी काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

रात्रीची वेळ ठरवा. साडेदहाला टीव्ही बंद, मोबाईल चार्जिंगला, दिवा मालवलेला. एका माणसाचा मोबाईल सगळ्या घराची झोप मोडतो.

दुपारी चारनंतर चहा टाळा. झोपण्याआधी मिसरी, तंबाखू, गुटखा नको. निकोटीन मेंदूला जागे ठेवते. मिसरीने दात साफ होतात हा गैरसमज आहे, तोंडाचा कर्करोग मात्र होतो.

रात्रपाळी करणाऱ्याला दिवसाची झोप हक्काने द्या. डोळ्यांवर काळा कपडा, कानात कापूस. त्या वेळात मुलांना शेजारी किंवा विहाराच्या अभ्यासिकेत पाठवा. "घरीच तर आहे" म्हणून त्याला किंवा तिला रेशनच्या रांगेत उभे करू नका.

दिवसभर उभे राहून काम करणाऱ्यांनी संध्याकाळी पंधरा मिनिटे पाठीवर झोपून पाय भिंतीला टेकवून वर ठेवावेत. पायांची सूज आणि कळ उतरते. एकाच पायाला सूज आणि दुखणे असेल तर मात्र दवाखाना गाठावा.

गरोदर बाईला रात्री आठ तास आणि दुपारी दोन तास आडवे होता आले पाहिजे, शक्यतो डाव्या कुशीवर. पोटातल्या बाळाचे वजन वाढायला त्याची मदत होते.

मीठ दिवसाला एका माणसाला एक छोटा चमचा पुरे. पापड, लोणचे, सुकट, बोंबील यांतले मीठही त्यातच धरायचे.

एक मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. घरातल्या एका माणसाची विश्रांती दुसऱ्या कोणीतरी काम उचलल्याशिवाय होत नाही. "आई, तू आराम कर" असे म्हणून सगळे आपापल्या जागी बसून राहिले, तर आई आराम करणार कशी? भांडी तशीच पडलेली असतात. म्हणून या सहा दिवसांत एक कागद घ्या. पहाटे उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत घरात किती कामे होतात आणि प्रत्येक काम कोण करते, ते लिहा. पाणी भरणे, स्वयंपाक, डबे, झाडू, धुणे, म्हाताऱ्यांची औषधे, मुलांचा अभ्यास, रेशन, शाळेची मीटिंग. बहुतेक घरांत एकाच नावापुढे बारा-पंधरा कामे येतील, आणि ते नाव बाईचे असेल. चार घरची धुणीभांडी करून आलेली हीच बाई. तिला त्या चार घरांतून बहुतेकदा आठवड्याची पगारी सुट्टी मिळत नाही आणि आपल्या घरातूनही मिळत नाही.

मग कामे नव्याने वाटा. मुलगा-मुलगी असा भेद न करता. किमान आठवड्यातून एक वेळचा स्वयंपाक आणि एक पहाटेचे पाणी पुरुषांनी किंवा मोठ्या मुलग्यांनी घ्यावे. पंचवीस डिसेंबरला स्त्रीमुक्तीवर भाषण केलेल्या घरात सव्वीस तारखेला हे दिसले पाहिजे.

वीणेची तार

धम्मात सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट येते. तो श्रीमंत घरातला, अत्यंत सुकुमार. प्रव्रज्या घेतल्यावर त्याने इतक्या अट्टाहासाने साधना केली की चंक्रमण करता करता त्याचे तळपाय फुटून रक्त आले. तरी मन शांत होईना. हे सोडून घरी जावे असे त्याला वाटू लागले. तेव्हा तथागत त्याच्याकडे गेले. सोण आधी वीणा उत्तम वाजवत असे. तथागतांनी त्याला विचारले की तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते का? फार सैल ठेवल्या तर? दोन्हींचे उत्तर नाही असे आले. मग प्रयत्नांचेही तसेच आहे, असे त्यांनी समजावले. फार ताणले तर अस्वस्थता येते, फार सैल सोडले तर आळस.

ही गोष्ट आमच्या कार्यकर्ते भावा-बहिणींसाठीही आहे. मोर्चा, शिबिर, जयंती, निवडणूक, कोर्टाची तारीख यांत वर्षे जातात. जेवण वेळेवर नाही, साखरेची गोळी चुकलेली, घरी भांडण. पन्नाशीतच हृदयविकाराने गेलेले किती कार्यकर्ते आपण पाहिले. चळवळीला माणूस दहा वर्षे हवा की तीस वर्षे, हा विचार संघटनांनीही करावा. बैठक रात्री अकराला सुरू करण्याची सवय मोडावी.

रोज दहा मिनिटे आनापान करावे. पाठ ताठ ठेवून बसा, डोळे मिटा, नाकाशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहा. मन भरकटले की रागावू नका, पुन्हा श्वासाकडे आणा. बसायला जागा नसेल तर बसच्या सीटवरही करता येते. डोक्यात विचारांचा कल्लोळ घेऊन झोपणाऱ्यांना याचा चांगला उपयोग होतो, असा आमचा वस्तीतला अनुभव आहे.

आरसा आणि पवारणा

आता दुसरे काम, मागे वळून पाहण्याचे.

राहुल लहान असताना तथागतांनी त्याला विचारले होते की आरसा कशासाठी असतो. पाहण्यासाठी, असे तो म्हणाला. तसेच आपल्या प्रत्येक कृतीकडे पाहावे, असा उपदेश त्यांनी केला. कृती करण्याआधी, करत असताना आणि केल्यानंतर. यातून मला किंवा दुसऱ्याला दुःख होते का, हा एकच प्रश्न. आत्मपरीक्षणाची इतकी सोपी पद्धत दुसरी नाही.

धम्मात हे काम एकट्याने करायचे, असेही नाही. वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचन करतो. वर्षावास संपताना भिक्खुसंघात पवारणा होत असे. प्रत्येक भिक्खू संघापुढे विनंती करी की माझ्यात काही दोष दिसला असेल, ऐकला असेल किंवा शंका आली असेल, तर सांगा, मी सुधारेन. ज्येष्ठही यातून सुटत नसत. खुद्द तथागतांनीही संघाला आपल्या वागण्या-बोलण्यात काही खटकले का, असे विचारल्याची नोंद आहे. मोठ्याने लहानांना असे विचारणे, हे किती मोठे धैर्य आहे!

३१ डिसेंबरच्या संध्याकाळी घरात अशीच छोटी पवारणा करून पाहा. त्रिसरण-पंचशील घ्या आणि गोल करून बसा. प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या : या वर्षात कशाचे समाधान वाटले, कशाने त्रास झाला आणि घरातल्यांनी माझ्याबद्दल मला काय सांगावे. नियम थोडेच ठेवा. एक जण बोलताना दुसऱ्याने मध्ये बोलायचे नाही. जुनी उणीदुणी काढायची नाहीत. सांगितलेली गोष्ट चाळभर करायची नाही. लहान मुलगी "बाबा, तुम्ही दारू पिऊन आलात की मला भीती वाटते" असे म्हणाली, तर बाबांनी ते ऐकून घ्यायचे.

जिथे मारहाण होते त्या घरात मात्र अशा बैठकीने प्रश्न सुटणार नाही आणि बाईने तसा प्रयत्न करून जीव धोक्यात घालू नये. तिने १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा, शेजारच्या भगिनीला किंवा विहारातल्या ताईंना विश्वासात घ्यावे.

वहीत तीन रकाने

आत्मपरीक्षण म्हणजे स्वतःला दोष देत बसणे नव्हे. "माझ्याच नशिबात हे", "मागच्या जन्मीचे भोग" असे म्हणायला बाबासाहेबांच्या धम्मात जागा नाही. गरिबी आणि आजार मागच्या जन्मातून येतात ही कल्पना त्यांनी स्पष्टपणे नाकारली आहे. म्हणून वर्षभराच्या त्रासाची यादी करताना वहीत तीन रकाने आखा.

पहिला रकाना : माझ्या हातात काय आहे. मिसरी सोडणे, गोळी वेळेवर घेणे, साडेदहाला झोपणे.

दुसरा रकाना : घराच्या हातात काय आहे. कामांची वाटणी, टीव्हीची वेळ, कर्ज काढून लग्न-बारसे करायचे की नाही.

तिसरा रकाना : मालकाच्या आणि सरकारच्या हातात काय आहे. पहाटे चारला येणारे पाणी, कंत्राटदाराने न दिलेली साप्ताहिक सुट्टी, बंद पडलेले शौचालय, दवाखान्यात नसलेली औषधे.

हा तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पहाटे चारला पाणी येत असेल, तर त्या गल्लीतली एकही बाई सात तास झोपू शकत नाही, मग तिने कितीही आनापान केले तरी. तिची झोप नळाच्या वेळापत्रकात अडकली आहे. जानेवारीच्या पहिल्या रविवारी विहारात दहा-वीस घरांच्या वह्या एकत्र आणा. तिसऱ्या रकान्यात जी गोष्ट सगळ्यांनी लिहिली आहे, तिच्यासाठी एक अर्ज लिहा, सह्या घ्या, वॉर्ड ऑफिसात द्या आणि पोच घ्या. पंधरा दिवसांनी पुन्हा जा. सह्यांसोबत रक्तदाबाचे आणि हिमोग्लोबिनचे आकडे, नावे न लिहिता, जोडले तर अर्जाला वजन येते.

३१ डिसेंबरची रात्र

अखेरचा मुद्दा तरुणांसाठी. नवीन वर्षाच्या नावाने दारूची पार्टी करणे हा आनंदही नाही आणि विश्रांतीही नाही. दारूने झोप लवकर लागते, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटक जातो. घोरणे वाढते, रक्तदाब चढतो, सकाळी शरीर आणखी थकलेले असते. पंचशीलातले पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांतली दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपण घेतलेली आहे. त्या रात्री विहारात खीरदान ठेवा, गाणी म्हणा, अकरा वाजता घरी जाऊन झोपा. १ जानेवारीला कोरेगावला जाणाऱ्यांनी तर आदल्या रात्री झोपलेच पाहिजे. गाडी चालवणाऱ्याला सात तास झोप मिळाली की नाही, हे गाडीतल्या सर्वांनी विचारावे. मधुमेह असलेल्यांनी प्रवासात उपाशी राहू नये. पिशवीत चणे-बिस्कीट, पाणी, गोळ्या आणि साखर खाली गेल्यास तोंडात टाकायला साखरेची पुडी असावी. पायात बंद बूट घालावेत.

तर या वर्षअखेरीस एवढे नक्की करा : एक तपासणी, कामांच्या वाटणीचा एक कागद, एक संध्याकाळ सगळ्यांनी एकमेकांचे ऐकण्याची आणि तीन रकान्यांची एक वही. पहिल्या वर्षी सगळे जमणार नाही. जेवढे जमेल तेवढे करा आणि तुमच्या विहारात काय झाले ते आमच्या आरोग्य पानाला जरूर कळवा.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम, नमो बुद्धाय!